शस्त्रक्रियेतील संगणकीय चष्मा : स्वरूप, उपयोग व मर्यादा

पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. या पट्ट्यात मोठा अपघात झाला की जखमीला बेळगावला न्यायचे, कोल्हापूरला की मिरजेला, हा नातेवाइकांपुढचा पहिला प्रश्न असतो. पाय चिरडला असेल, तर शल्यचिकित्सकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. उघडे पडलेले हाड झाकण्यासाठी शरीराच्या निरोगी भागातील त्वचा व मांस, त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिनीसह उचलून आणावे लागते. ही वाहिनी बारीक असते आणि वरून दिसत नाही. एरवी डॉपलर यंत्र त्वचेवर फिरवून, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकत तिची जागा शोधतात.

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१८ साली याच कामासाठी होलोलेन्स हा संगणकीय चष्मा वापरल्याचे प्रसिद्ध केले. रुग्णाच्या पायाचा सीटी स्कॅन आधीच काढून त्यावरून हाडे, स्नायू व रक्तवाहिन्या यांची त्रिमितीय आकृती संगणकावर तयार करण्यात आली. शल्यचिकित्सकाने चष्मा घातल्यावर ही आकृती त्याला प्रत्यक्ष पायावर ठेवल्यासारखी दिसली. खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र चढवण्याच्या या तंत्राला ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात. मराठीत वर्धित वास्तव हा शब्द वापरला जातो. डोळे पूर्ण झाकून कृत्रिम जग दाखवणाऱ्या व्हर्च्युअल रिअॅलिटीशी याची गल्लत होते. येथे काच पारदर्शक असते आणि रुग्ण समोर दिसतच असतो.

या तंत्राचा खरा कस लागतो तो जुळवणीत. स्कॅनमधील हाड आणि टेबलावरील हाड एकाच जागी दिसले पाहिजे. लंडनच्या प्रयोगात ही जुळवणी डॉक्टरांनी हाताच्या खुणांनी केली. मणक्याच्या शस्त्रक्रियेत मात्र तेवढ्याने भागत नाही. मणक्यात बसवायचा स्क्रू दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी मज्जारज्जूला किंवा मज्जातंतूला इजा होऊ शकते. म्हणून एक खूणपट्टी हाडालाच घट्ट बसवतात आणि चष्म्यावरील कॅमेरा तिचा सतत माग ठेवतो. ऑगमेडिक्स कंपनीच्या अशा चष्म्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. ८ जून २०२० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याच्या साहाय्याने एका रुग्णाच्या मणक्यात सहा स्क्रू बसवण्यात आले. यापूर्वी दिशादर्शनाचे चित्र बाजूच्या पडद्यावर असे व डॉक्टरांना वारंवार मान वळवावी लागे. तो त्रास येथे वाचतो.

५ डिसेंबर २०१७ रोजी पॅरिसजवळील अव्हिसेन रुग्णालयात तोमा ग्रेगोरी यांनी होलोलेन्स घालून खांद्याचा सांधा बदलला. अव्हिसेन म्हणजे इब्न सीना. १९३५ साली फ्रँको-मुस्लिम रुग्णालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९७८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

सीमाभागाच्या दृष्टीने २०१७ मधलाच दुसरा प्रयोग अधिक जवळचा वाटतो. लंडनच्या रॉयल लंडन रुग्णालयात शफी अहमद आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करीत असताना मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शैलेश श्रीखंडे संगणकीय प्रतिमेच्या रूपाने त्या चर्चेत सहभागी झाले. दोघांनाही रुग्णाच्या गाठीची त्रिमितीय आकृती समोर दिसत होती. लंडन-मुंबईत जे घडू शकते, ते बेळगावचे वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्याचे रुग्णालय यांच्यातही घडू शकते. मात्र त्यासाठी न तुटणारे इंटरनेट हवे, आणि तालुक्याच्या ठिकाणी चाकू धरणारा सक्षम हात हवाच. चष्मा त्या हाताची जागा घेत नाही.

मर्यादाही गंभीर आहेत. होलोलेन्सचे चित्र सुमारे दोन मीटरवर केंद्रित होते, तर शल्यचिकित्सक हाताच्या अंतरावर काम करतो. इटलीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, हा चष्मा घालून बिंदू जोडताना उघड्या डोळ्यांपेक्षा अधिक चूक होते. कॅनडातील एका अभ्यासात चित्राची मदत मिळालेले डॉक्टर लक्ष्यापर्यंत अधिक अचूक पोहोचले, पण शेजारीच ठेवलेली अनपेक्षित गोष्ट त्यांच्या नजरेतून अधिक वेळा सुटली. हा निष्कर्ष चिंताजनक म्हणावा लागेल. पोट उघडल्यावर आतडी व यकृत आकार बदलतात आणि सकाळचा स्कॅन दुपारी खोटा ठरतो, म्हणून सध्या हे तंत्र हाडांच्या कामात अधिक भरवशाचे आहे. शिवाय ३,५०० डॉलर किमतीच्या होलोलेन्स २ चे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवले. घाईने खरेदी करणाऱ्या संस्थांनी हे ध्यानात घ्यावे.

कम्युनिटी कॉलेजात क्ष-किरण तंत्रज्ञ किंवा शस्त्रक्रियागृह साहाय्यक घडवणाऱ्या शिक्षकांचा या विषयाशी थेट संबंध आहे. सीटी स्कॅनचे काप जाड घेतले तर आकृती ओबडधोबड होते. रुग्ण स्कॅनमध्ये उताणा आणि टेबलावर पालथा असेल, तर मणक्यांची परस्पर स्थिती बदलते. खूणपट्टीवर रक्त उडाले किंवा निर्जंतुक कापडाची घडी आली, की कॅमेऱ्याला ती दिसेनाशी होते. तिला कोणाचा कोपर लागून ती हलली, तर चित्र पूर्वीसारखेच स्पष्ट दिसते, पण चुकीच्या जागी. हा धक्का डॉक्टरांच्या लक्षात येईलच असे नाही. शेजारी उभ्या असलेल्या साहाय्यकाने तो पाहिला असेल, तर काम थांबवून जुळवणी पुन्हा करा, असे त्याला तत्काळ सांगता आले पाहिजे.