वादळ पुढे, टॉवर मागे

मे महिन्यातल्या दुपारी कॅन्सस, ओक्लाहोमा किंवा उत्तर टेक्सासच्या सपाट मुलखात पेट्रोल पंपाच्या कडेला काही गाड्या नुसत्याच थांबलेल्या दिसतात. बॉनेटवर गारांनी पडलेले पोचे, छपरावर दोन-तीन अँटेना, काचेमागे मोबाइल आणि लॅपटॉप. आतली माणसं टोर्नेडोच्या मागावर निघालेली असतात. तिकडे त्यांना ‘स्टॉर्म चेसर’ म्हणतात. काही हवामानशास्त्रज्ञ, काही छायाचित्रकार, बरेचसे निव्वळ हौशी. या छंदात नव्याने पडलेला माणूस हमखास विचारतो, गाडीत इंटरनेट कुठलं घ्यावं? आणि लगेच मोबाइल कंपन्यांच्या जाहिरातींतले वेगाचे आकडे समोर मांडतो. हिशेब चुकायला सुरुवात होते ती तिथेच.

कारण चेसरला लागणारा डेटा फारच थोडा असतो. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या रडारचा एक तयार नकाशा म्हणजे पाऊस कुठे आहे, वारा कुठे गरगरतोय हे दाखवणारी काही डझन किलोबाइटची फाइल. दुपारपासून अंधार पडेपर्यंत असे नकाशे सतत उतरवले, तरी एका लग्नाच्या व्हिडिओइतका डेटासुद्धा संपत नाही. रडारचा मूळ कच्चा डेटा हवा असेल तर प्रत्येक फेरीला काही मेगाबाइट लागतात. तेही आजच्या मानाने किरकोळच. खरा खादाड असतो तो थेट प्रक्षेपणाचा व्हिडिओ. सेकंदाला 4 मेगाबिटने पाठवला तर तासाला जवळपास 1.8 गिगाबाइट. ज्याला वाहिनीला चित्रण विकायचं आहे त्याची गरज निराळी. ज्याला फक्त वादळ बघून धड घरी परतायचं आहे, त्याला वेगाशी फारसं देणंघेणं नाही. त्याला पाहिजे ताजेपणा.

हा ताजेपणा म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत ‘नेक्सरॅड’ नावाची सुमारे 160 डॉप्लर रडारांची साखळी आहे. एक रडार आपली तबकडी फिरवत, दर फेरीला थोडी थोडी वर उचलत, आकाशाचा पूर्ण आढावा घेतं. वादळी हवेत याला साधारण 4 ते 6 मिनिटं लागतात. अलीकडे मध्येच सर्वांत खालच्या थराची जादा फेरी घेण्याची सोय झाली आहे. मग माहितीवर प्रक्रिया, ती सर्व्हरवर जाणं, तिथून अ‍ॅपवाल्याकडे, तिथून टॉवरवर आणि शेवटी गाडीतल्या पडद्यावर. वादळ ताशी 60 किलोमीटरने सरकत असेल तर पाच मिनिटांत ते 5 किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पडद्यावर लाल-हिरव्या रंगांचा आकडा वळलेला दिसतो, तो टोर्नेडोची शक्यता असलेला भाग. तो आकडा तिथे नसतो. तिथे होता.

विमानांच्या बाबतीत हा फरक जीवघेणा ठरू शकतो, म्हणून 2012 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांना एक इशारा दिला. कॉकपिटमध्ये येणारा रडार नकाशा अनेक रडारांच्या चित्रांतून शिवलेला असतो. त्याच्यावर ‘1 मिनिट जुना’ असं लिहिलेलं असलं तरी ते शिवणकाम पूर्ण झाल्यापासूनचं वय. आतली निरीक्षणं कधी कधी त्याहून 15 ते 20 मिनिटं जुनी असू शकतात. हे वाचल्यावर मोबाइलमधल्या फुकटच्या हवामान अ‍ॅपवरचे सरकते ढग बघण्याची माझी दृष्टीच बदलली. चेसर म्हणूनच असे शिवलेले नकाशे टाळतात, एकाच रडारचं चित्र घेतात आणि सर्वांत आधी त्याच्या कोपऱ्यातली वेळ वाचतात.

नेट गेलं की पडदा काळा झाला असता तर बरं झालं असतं. तसं होत नाही. शेवटचं चित्र तसंच राहतं, रंग तेवढेच ताजे दिसतात, आणि त्याच्यावर गाडीचा जीपीएसचा ठिपका मात्र अगदी आत्ताचा, पुढे सरकणारा. दोन वेगवेगळ्या वेळा एकाच नकाशावर नांदत असतात. गाडीच्या नेटमधला सर्वांत मोठा धोका मला विचाराल तर हा आहे. नेट नसणं परवडलं, पण नेट नाही हे वेळेवर न कळणं महागात पडतं.

इंटरनेटच्या आधीही पाठलाग होतच होता. डेव्हिड होडली यांनी 1956 मध्ये नॉर्थ डकोटात सुरुवात केली. पुढे 1977 मध्ये त्यांनीच या मंडळींसाठी ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे पत्रक काढलं. त्या पिढीचं साधन म्हणजे सकाळचे हवामान नकाशे, सार्वजनिक टेलिफोन आणि आभाळ वाचण्याची सवय. नंतर घरी टीव्हीसमोर बसलेला एखादा मित्र फोनवरून दिशा सांगू लागला. 2000 नंतर उपग्रह रेडिओवरून हवामानाची चित्रं गाडीत येऊ लागली. ती सेवा एकतर्फी होती, पण टॉवरवर अवलंबून नव्हती. मग लॅपटॉपमध्ये खोचायची डेटा कार्डं आली आणि सगळे मोबाइल कंपन्यांच्या दारात उभे राहिले.

आता त्या मुलखाकडे बघा. ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाला सिमॅरॉन नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ पावणेपाच हजार चौरस किलोमीटर आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,300 च्या आत. दोन चौरस किलोमीटरला जेमतेम एक माणूस. अशा ठिकाणी टॉवर उभारून कुठल्या कंपनीचा खर्च निघणार? म्हणून टॉवर महामार्गाच्या आणि गावांच्या आसपास असतात. कंपनी ‘99 टक्के लोकांपर्यंत’ पोचल्याचं सांगते तेव्हा ते 99 टक्के लोक असतात, 99 टक्के जमीन नव्हे. आणि टोर्नेडोला वस्तीची ओढ नसते. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने कंपन्यांच्या 4-जी नकाशांची पडताळणी केली. कर्मचारी प्रत्यक्ष गाड्या घेऊन फिरले. डिसेंबर 2019 च्या त्यांच्या अहवालानुसार नकाशात सेकंदाला किमान 5 मेगाबिट मिळेल असं दाखवलेल्या भागांत चालत्या गाडीतल्या केवळ 62 टक्के चाचण्यांत तेवढा वेग मिळाला. रंगवलेला नकाशा बघून सिम घेणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

उघड्या मुलखात टॉवरची हाक किती लांब जाते हे वारंवारतेवर ठरतं. कमी वारंवारतेच्या लहरी उंचवट्यांना आणि झाडांना वळसा घालून जास्त दूर पोचतात. उलट 5-जीच्या जाहिरातीत मिरवणाऱ्या 24 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी शहरातले काही चौक ओलांडले की दमतात. ग्रामीण अमेरिकेतलं बरंचसं नेट 600 ते 850 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्यातल्या 600 आणि 700 च्या आसपासच्या लहरींवर पूर्वी टीव्हीच्या वाहिन्या होत्या. अ‍ॅनालॉग प्रक्षेपण 2009 मध्ये बंद झालं, 600 मेगाहर्ट्झचा लिलाव 2017 मध्ये संपला, आणि अँटेनावरच्या टीव्हीची जागा मोबाइलने घेतली. म्हणून हॉटस्पॉट विकत घेताना त्याच्या खोक्यावर ‘5-जी’ किती मोठ्या अक्षरात छापलंय हे सोडून, आपल्या कंपनीचा कमी वारंवारतेचा पट्टा ते यंत्र पकडतं का, एवढंच तपासावं. कुणी जुनी, स्वस्त, दुसऱ्या देशातली यंत्रं घेतो आणि नेमका तोच पट्टा त्यात नसतो.

पावसाने मोबाइलची रेंज जाते हा समज मात्र बहुतांशी खोटा. 700 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 43 सेंटिमीटर. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब 5-6 मिलिमीटरचा. एवढ्या मोठ्या लहरीला तो थेंब खिजगणतीत नसतो. वादळात रेंज जाते ती वीज गेल्याने, टॉवर पडल्याने किंवा गर्दीने.

गर्दी हा प्रकार गेल्या काही वर्षांत फार वाढलाय. एका चांगल्या सुपरसेलच्या, म्हणजे स्वतःभोवती गरगरणाऱ्या मोठ्या वादळाच्या, मागे शेकडो गाड्या एकाच गावात गोळा होतात, आणि गावाच्या लोकसंख्येच्या मानाने बांधलेला एकुलता एक टॉवर त्या सगळ्यांच्या व्हिडिओखाली दबतो. त्याच टॉवरवर गावकऱ्यांचे ‘तळघरात जा’ सांगणारे फोनही चाललेले असतात, हे प्रक्षेपणवाल्यांनी विसरू नये. अशा वेळी स्वस्त प्लॅनच्या ग्राहकाला कंपनी रांगेत मागे ढकलते. वेग कमी करण्याची ही अट प्लॅनच्या बारीक अक्षरांत असते आणि महिन्याच्या मर्यादेपेक्षा तीच जास्त नडते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कोड्यात टाकते. रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात, तरी चित्र उतरत नाही. दांड्या सांगतात टॉवरचा आवाज आपल्याकडे किती येतो ते. आपला आवाज टॉवरपर्यंत जातो की नाही हे त्या सांगत नाहीत. टॉवरची ताकद कित्येक वॅट, मोबाइलची जेमतेम पाव वॅटच्या आत. कार्यालयात माइकवरचं भाषण मागच्या रांगेत ऐकू येतं, पण मागून विचारलेला प्रश्न व्यासपीठावर पोचत नाही, तसंच हे. आणि ‘नवं चित्र दे’ ही मागणी तर आधी वर पोचावी लागते.

इथे छपरावरच्या अँटेनाचं काम येतं. गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. काचांतून जेवढं आत येईल तेवढंच. छपराच्या मधोमध बसवलेला अँटेना या पेटीबाहेर असतो आणि तोच पत्रा त्याला विद्युत-जमीन (ग्राउंड) म्हणून उपयोगी पडतो. पुढे बूस्टर जोडला की आलेला आणि जाणारा, दोन्ही संदेश फुगवले जातात. आपल्याकडे परवानगीशिवाय असं यंत्र बसवणं बेकायदा आहे. अमेरिकेत 2013 च्या नियमांनी प्रमाणित बूस्टरला मोकळीक मिळाली, मात्र त्याची नोंद आपल्या मोबाइल कंपनीकडे करावी लागते. गाडीतल्या अशा बूस्टरला 50 डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे एक लाख पट. आकडा मोठा वाटला तरी शून्याची लाख पट शून्यच. जिथे टॉवरच नाही तिथे बूस्टर काही निर्माण करत नाही, आणि गर्दीने गुदमरलेल्या टॉवरवरही त्याचा उपयोग नाही. शिवाय मोबाइल दोन-चार अँटेना एकदम वापरून वेग मिळवतो, साधा बूस्टर ते सगळं एकाच वाटेने आणतो. त्यामुळे वेग कधी कधी घटतोही. चेसरला त्याची पर्वा नसावी.

2022 पासून चित्र पालटलं ते स्टारलिंकच्या उपग्रह-इंटरनेटमुळे. सुमारे 550 किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह, चालत्या गाडीसाठीची चपटी तबकडी, आणि 2024 मध्ये आलेली सव्वा किलोच्या आतली ‘मिनी’. गाडीच्या बॅटरीवर ती सहज चालते. टॉवर नसलेल्या मोकळ्या मुलखात, झाडांचा अडथळा नसताना, याच्याइतकं चांगलं साधन नाही. पण तिचा उतरता संदेश 10.7 ते 12.7 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इथे तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि आता पावसाचे थेंब खिजगणतीत येतात; ओल्या गारा तर त्याहून जास्त. शिवाय यात एक गंमत आहे. या उपग्रहांच्या बऱ्याचशा कक्षा विषुववृत्ताशी 53 अंशांनी कललेल्या असल्यामुळे त्यांची दाटी 53 अक्षांशाजवळ होते. ओक्लाहोमातून ती उत्तरेच्या आकाशात पडते. आणि ईशान्येकडे जाणारं वादळ सुरक्षितपणे बघायचं तर उभं राहायचं असतं त्याच्या आग्नेयेला. म्हणजे पंधरा किलोमीटर उंचीचा पाण्याचा आणि बर्फाचा डोंगर नेमका वायव्येला, उपग्रहांच्या वाटेत. वादळापासून दूर असताना ही सेवा उत्तम. अगदी जवळ गेल्यावर तिच्यावर विसंबू नये.

माझी निवड विचाराल तर आधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, आणि वेगवेगळ्या म्हणजे टॉवरही वेगवेगळे. अमेरिकेत अनेक स्वस्त ब्रँड मोठ्या तीन मोबाइल कंपन्यांपैकी कुणाच्या तरी टॉवरवरच चालतात. दोन नावं घेतली आणि टॉवर एकच निघाला तर पैसे पाण्यात. त्यानंतर छपरावरचा अँटेना. परवडत असेल तर तबकडी. वेगाचा प्लॅन सर्वांत शेवटी.

एवढं करूनही नेटने उत्तर द्यावं असे प्रश्न मर्यादितच. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळचा टोर्नेडो 4.2 किलोमीटर रुंद झाला, अचानक वळला आणि त्याचा वेग वाढला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे अनुभवी, सावध संशोधक त्यात गेले. त्यांचं नेट कमी पडलं असं कुणी म्हणत नाही. पण ते बदल इतक्या थोड्या वेळात घडले, की दर चार-पाच मिनिटांनी एक चित्र देणाऱ्या यंत्रणेकडून त्यांची खबर वेळेत मिळणं अवघडच होतं. शिवाय 100 किलोमीटरवरच्या रडारचा सर्वांत खालचा झोत वादळापाशी जमिनीपासून दीड किलोमीटर वरून जातो. त्याखाली काय चाललंय ते डोळ्यांनाच दिसतं.

आणि नेट नसतानाही इशारा कानावर पडावा म्हणून जुने चेसर गाडीत एक स्वस्त हवामान रेडिओही ठेवतात. 162.4 ते 162.55 मेगाहर्ट्झच्या सात वाहिन्या, देशभर हजाराहून जास्त प्रक्षेपक, आणि यंत्राच्या आवाजात दिवसरात्र चालणारं वाचन. त्याला सिम लागत नाही, प्लॅन लागत नाही. रस्त्यांचा नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला असतो, कारण मैलामैलावर काटकोनात छेदणाऱ्या त्या रस्त्यांपैकी काही पावसात चिखल होतात आणि कुठला डांबरी, कुठला कच्चा, हे ऐनवेळी विचारायला नेट असेलच असं नाही. रेडिओ इशारा देतो तो काउंट्यांची आणि गावांची नावं घेऊन. म्हणून त्या नकाशावर काउंट्यांच्या सीमा आणि नावं ठळक दिसतील, अशी सोय घरून निघण्याआधीच करून ठेवावी लागते.