अक्षरांचीं गोत्रें

आमचा नातू आईवडिलांसह जपानांत राहतो व तेथील प्राथमिक शाळेंत तिसऱ्या इयत्तेंत शिकतो. गेल्या दिवाळींत त्यानें आम्हांस स्वहस्तें जपानींत पत्र लिहून धाडलें. जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलेल्या आम्हांस त्यांतलें एक अक्षरही वाचतां येईना! नातवाचें पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावें, हें मनाला रुचेना. म्हणून साठी उलटल्यावर आम्ही पुन्हां विद्यार्थी झालों. त्या खटाटोपांत जी एक वाट सांपडली ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

जपानी लेखनांत 'काना' ही उच्चारदर्शक लिपि आहे. तिचें कोष्टक अ, इ, उ, ए, ओ आणि पुढें का, सा, ता, ना अशा क्रमानें लागतें. बौद्ध भिक्षूंबरोबर तेथें पोंचलेल्या संस्कृत वर्णमालेचा हा ठसा आहे, हें कळतांच परमुलखांत गांवचें माणूस भेटावें तसें आम्हांस झालें. खरी अडचण 'कांजी'ची, म्हणजे चीनमधून आलेल्या चिन्हांची. नित्याच्या वापरासाठीं सरकारनें २०१० सालीं ठरविलेल्या यादींत अशीं २१३६ चिन्हें आहेत. पैकीं १०२६ प्राथमिक शाळेंतच शिकवितात. त्यांतून बहुतेक चिन्हांना दोन तऱ्हांचे उच्चार : चिनी वळणाचा 'ओन' आणि देशी शब्दाचा 'कुन'. आपण '५' हा अंक एरवीं 'पांच' म्हणून वाचावा, पण '५अंग' असें लिहून 'पंचांग' म्हणावें, तसाच हा प्रकार.

आरंभीं आम्हीं घोकंपट्टी मांडली. रोज दहा चिन्हें पाठ करावीं आणि आठवड्यानें त्यांतलीं सात विसरावीं, असा क्रम चालला. पुढें ध्यानांत आलें कीं, या चिन्हांनाही गोत्रें आहेत. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन या चिनी पंडितानें आपल्या कोशांत नऊ हजारांवर चिन्हांची घडण उलगडून दाखविली. त्यांतील बहुसंख्य चिन्हें जोडीव आहेत : एक अवयव अर्थाची दिशा दाखवितो, दुसरा उच्चार सुचवितो.

'निळा' या अर्थाचें चिन्ह घ्या. त्याचा ओन उच्चार 'सेइ'. त्याला पाण्याची खूण जोडली कीं 'स्वच्छ', सूर्याची जोडली कीं 'निरभ्र', तांदुळाची जोडली कीं 'सडून शुद्ध केलेलें', वाणीची जोडली कीं 'विनंति'. आणि उच्चार चारींचा 'सेइ'च! सडीक तांदूळ तो 'सेइमाइ', निरभ्र आकाश तें 'सेइतेन'. एक मूळ धरलें आणि पांच चिन्हें हातीं आलीं.

परंतु गोत्र एक म्हणून स्वभावही एक, असें नसतें. 'देऊळ' या चिन्हाचा उच्चार 'जि'. सूर्य जोडून 'वेळ', हात जोडून 'धरणें', माणूस जोडून 'सेवक', येथवर सारे 'जि'. पण वाणी जोडून होणारी 'कविता' ती 'शि', आणि बैल जोडून होणारें 'विशेष' तें 'तोकु'! याला कारण आहे. चिन्हें घडलीं तेव्हां हे उच्चार परस्परांस जवळचे होते; पुढें चिनी भाषेंतच ते पांगले. शिवाय जपानांत ते एकदम आले नाहींत. कांहीं आरंभींच्या शतकांत आले, कांहीं सातव्या-आठव्या शतकांत तांग राजधानींतून, तर कांहीं नंतर झेन भिक्षूंबरोबर. म्हणून 'जाणें' या एकाच चिन्हाचे 'ग्यो', 'को' व 'आन' असे तीन ओन उच्चार आढळतात.

तेव्हां नवशिक्यानें वहीच्या एकेका पानावर एकेक गोत्र मांडावें, अपवाद रेघेखालीं लिहावे, प्रत्येक उच्चार कोशांत पडताळावा आणि तो एखाद्या जोडशब्दासह लक्षांत ठेवावा. सुट्या चिन्हापेक्षां 'सेइमाइ' अधिक टिकतो.

एवढी तयारी झाल्यावर आम्हीं पत्राची शेवटची ओळ नातवाला फोनवर वाचून दाखविली. तींत देवळाशेजारीं चालण्याची खूण होती. आम्हीं ऐटींत 'जि' म्हटलें. पोर खदखदून हंसलें. "आजोबा, त्याचा ओन 'ताइ'. पण इथं तसं नाही वाचायचं, इथं 'मात्ते'!" देशी शब्दाच्या उच्चाराला गोत्राचा उपयोग नसतो, तो वाक्यांतूनच शिकावा लागतो. हा धडा तिसरींतल्या मुलानें दिला, आणि आम्हांस तो न रागावतां दिला.

आमच्या वर्गांत मात्र तसें नव्हतें. "कारण विचारूं नकोस, पाठ कर," असें आम्हीं कित्येक मुलांना दरडावलें आहे. कारण सांगितलें असतें तर तीं चुकलीं नसतीं असें नाहीं. पण चुकल्यावर कोठें चुकलों हें त्यांना कळलें असतें. त्यांच्यांपैकीं कोणी हें वाचीत असेल, तर त्यानें मास्तरांना क्षमा करावी.

ती ओळ आतां आम्हांस नीट वाचतां येते : 'मात्ते इमासु', म्हणजे 'मी वाट पाहत आहें'. उत्तर आम्ही जपानींतच लिहीत आहों. अजून दोन ओळी व्हावयाच्या आहेत.