वजनकाटा दाखवतो ती चरबीची टक्केवारी कितपत खरी?

उमेळ्यातल्या घरी घेतलेला स्मार्ट काटा असो की मुंबईतल्या जिममधलं मशीन, त्यावर उभं राहिलं की काही सेकंदांत आकडा येतो: शरीरातली चरबी 34 टक्के. अनेकजणी तो आकडा पाहून जेवण कमी करतात. पण काटा चरबी मोजत नाही, तिचा अंदाज बांधतो.

काटा काय करतो?

तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडला जातो. स्नायूंमध्ये पाणी जास्त, म्हणून तिथून तो सहज जातो, चरबीत अडतो. या अडथळ्यावरून आणि वय, उंची, वजन, लिंग यांवरून सूत्र टक्केवारी काढतं. त्यामुळे पाणी कमी प्यायलं, नुकताच व्यायाम झाला किंवा पाळीआधी अंगावर सूज आली, तरी आकडा बदलतो. चरबी मात्र तेवढीच असते.

इतर पद्धती

• कॅलिपर: चिमट्याने त्वचेची घडी मोजतात. मोजणाऱ्याचा हात बदलला की उत्तरही बदलतं. यातलं एक प्रसिद्ध सूत्र 1974 मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलं. ते भारतीय बांध्याला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

• डेक्सा स्कॅन: क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि बाकीच्या पेशी वेगळ्या ओळखतो. जास्त भरवशाचा, पण महाग.

बीएमआय पुरेसा आहे का?

नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! ही तुलना दोन पुरुषांची असली, तरी बीएमआयची मर्यादा स्त्रियांनाही लागू आहे. शिवाय स्त्रियांच्या शरीरात चरबी निसर्गतःच जास्त असते, म्हणून पुरुषांचा तक्ता त्यांना लावू नये.

मग करायचं काय?

• एकच काटा वापरा. सकाळी, काही खाण्याआधी वजन करा. एका दिवसाचा आकडा सोडा, काही महिन्यांचा कल पाहा.

• शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून, श्वास सोडल्यावर घेर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही धोक्याची खूण मानली जाते. गरोदरपणात हे माप लागू नाही.

• पेसमेकर असेल तर असा काटा वापरू नका.

घेर जास्त निघाला तर उपाशी राहू नका. डॉक्टरांना भेटून रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.