खुळखुळ्यावरील पतंग

बंगळूर शहराच्या वायव्येस हेसरघट्ट्याचे माळरान आहे. पावसाळा ओसरल्यावर तेथील गवतातून चालू लागले की पावलापुढून एखादा पांढुरका जीव उठतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा काडीला बिलगतो. दिवसाउजेडी उडत असल्यामुळे पुष्कळजण त्याला फुलपाखरू समजतात. परंतु त्याच्या शृंगिका दोऱ्यासारख्या बारीक असतात. फुलपाखराप्रमाणे त्यांच्या टोकाला गाठ नसते. हा पतंग होय. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव उटेथायसा पुल्केला असे आहे.

त्याचे पुढचे पंख दुधी असून त्यांवर काळे व तांबडे ठिपके विखुरलेले असतात. मागच्या पांढऱ्या पंखांना वेडीवाकडी काळी किनार असते. पंखांचा विस्तार तीन-चार सेंटिमीटर भरतो. त्याच वनस्पतीवर वाढणारा आर्जिना हा पतंग नारिंगी असल्याने घोटाळा होत नाही. उटेथायसा लोट्रिक्स ही जाती मात्र इतकी सारखी दिसते की केवळ ठिपक्यांवरून निर्णय देणे धाडसाचे ठरेल.

मादी खुळखुळ्याच्या पानांवर अंडी घालते. अळी काळसर व केसाळ असते. तिच्या अंगावर पांढरे पट्टे व नारिंगी खुणा असतात. ती प्रथम पाने खाते व पुढे शेंगेला भोक पाडून बिया फस्त करते. ताग हा खुळखुळ्याच्याच प्रजातीतला, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने ही कीड आहे. पूर्ण वाढलेली अळी पालापाचोळ्यात किंवा मातीत कोश करते. वर्षभरात अशा अनेक पिढ्या होतात.

खुळखुळ्याच्या बियांतील अल्कलॉइडे गुरांच्या यकृताला घातक असतात. अळी मात्र ती आपल्या शरीरात साठवते आणि कोशावस्थेनंतरही ती पतंगाच्या अंगी राहतात. भडक ठिपके ही त्या विषाचीच जाहिरात. या पतंगाच्या अमेरिकी भाईबंदावर थॉमस आयस्नर यांनी प्रयोग केले. जाळ्यात अडकलेल्या पतंगाला कोळी स्वतःच धागे तोडून मोकळे करतो, असे त्यांना दिसले. त्या जातीत नर मीलनाच्या वेळी विषाचा वाटा मादीला देतो व तिच्याकडून तो अंड्यांत उतरतो. हुंड्याची ही तऱ्हा विलक्षणच म्हणायची!

खुळखुळ्याला उघडे ऊन लागते. माळरान ‘पडीक’ समजून तेथे दाट झाडे लावली, तर सावलीत तो टिकत नाही आणि त्यावर जगणाऱ्या अळीचेही अन्न जाते. हेसरघट्ट्याच्या पाच हजार एकरांहून अधिक क्षेत्राला संवर्धन राखीवाचा दर्जा देण्यास कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये संमती दिली. पतंग शोधू इच्छिणाऱ्याने तेथे आधी भोक पडलेल्या शेंगा पाहाव्यात. अळी बहुधा आतच सापडते.