भूसुरुंगावर पाय कोणाचा पडतो?

युरोपातील पाच देशांनी २०२५ साली एका करारातून अंग काढून घेतले. लाटव्हिया, लिथुआनिया, इस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड हे ते देश. जून ते ऑगस्ट या काळात त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे नोटिसा दिल्या. नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी, म्हणजे डिसेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या दरम्यान, त्या अमलात आल्या. हा करार माणसे मारणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा आहे. त्याला ओटावा करार म्हणतात. आपल्याकडे या घटनेची फारशी चर्चा झाली नाही. युरोपच्या बर्फात कोणी सुरुंग पेरले तर आम्हाला त्याचे काय, असे कोणी म्हणेलही. आमचे म्हणणे असे की, ज्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही पण ज्यांचे पाय दिवसभर दुसऱ्याच्या जमिनीवर राबतात, अशा प्रत्येक समाजाने या घटनेकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

भूसुरुंग हे हत्यार मोठे अजब आहे. बंदुकीचा चाप ओढायला माणूस लागतो, बॉम्ब टाकायला वैमानिक लागतो. भूसुरुंगाचा चाप मात्र मरणारा स्वतःच ओढतो. पेरणारा सैनिक घरी जातो, म्हातारा होतो, मरतो, तह होतो, सरकारे बदलतात. सुरुंग जमिनीत वाट पाहत पडून राहतो. तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची डबी, वर दोन बोटे माती. पायाचा भार पडला की पाऊल जाते. आणि पुष्कळसे लहान सुरुंग जीव घेण्यासाठी नव्हे तर पांगळे करण्यासाठीच बनवलेले असतात. मेलेला सैनिक मागे सोडता येतो, पाय तुटून ओरडणाऱ्याला उचलायला आणखी दोघे लागतात, म्हणजे शत्रूचे तीन गेले, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब मांडणारे डोके कुठल्या तरी सुशिक्षित माणसाच्या खांद्यावर होते हे विसरू नये.

सैनिकाच्या पायासाठी केलेली ही डबी प्रत्यक्षात कोणाच्या पायाखाली येते? दरवर्षी जगातील भूसुरुंगबळींची मोजदाद करणारा अहवाल निघतो. त्यानुसार २०२३ मध्ये किमान ५,७५७ माणसे भूसुरुंगांनी आणि युद्धाच्या उरलेल्या स्फोटकांनी मेली किंवा जखमी झाली. त्यातील ८४ टक्के सामान्य नागरिक होते. वय नोंदले गेलेल्या नागरिकांपैकी ३७ टक्के मुले होती. सर्वात जास्त बळी म्यानमारमध्ये गेले. ही माणसे सीमेवर लढायला गेलेली नव्हती. ती सरपणाला, पाण्याला गेलेली होती, गुरे चारत होती, भंगार वेचत होती. पोटासाठी ज्याला पायवाट सोडून आडरानात शिरावे लागते, सुरुंग त्याचा. मोटारीतून डांबरी सडकेने जाणाऱ्याला तो क्वचितच भेटतो.

म्हणूनच १९९० नंतर काही डॉक्टर, काही संघटना, पाय गमावलेली माणसे आणि काही लहान देश यांनी मिळून या हत्याराविरुद्ध मोहीम उघडली. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरणाच्या बैठकांत सर्वसंमतीचा नियम असतो, म्हणजे एका बड्या देशाने मान हलवली की सारे थांबते. कॅनडा, नॉर्वे आदी देशांनी त्या दरबाराच्या बाहेर स्वतःची चूल मांडली. सप्टेंबर १९९७ मध्ये ओस्लो येथे मसुदा ठरला, ३ डिसेंबर १९९७ रोजी ओटावा येथे सह्या सुरू झाल्या, १ मार्च १९९९ पासून करार लागू झाला. मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना त्याच वर्षीचे, १९९७चे, शांततेचे नोबेल मिळाले. सुरुंग वापरायचा नाही, बनवायचा नाही, विकायचा नाही, साठा चार वर्षांत नष्ट करायचा, जमिनीतले दहा वर्षांत काढायचे, आणि जखमींची काळजी घ्यायची. एवढे स्पष्ट बोलणारे करार जगात थोडे आहेत. १६० हून अधिक देश त्यात आले. साडेपाच कोटींहून अधिक साठवलेले सुरुंग फोडून टाकले गेले. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल हे मात्र बाहेरच राहिले. ज्यांच्याकडे सर्वात मोठी शस्त्रागारे आहेत नेमके तेच बाहेर, हा योगायोग समजण्याइतके आम्ही भाबडे नाही.

आता बाहेर पडलेल्या पाच देशांचे म्हणणे ऐकू. ते खोटे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. रशिया या करारात नाही आणि त्याने युक्रेनची शेते सुरुंगांनी भरून टाकली. एकट्या फिनलंडची रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सरहद्द आहे. समोरचा काहीही पेरतो आणि आम्ही हात बांधून बसायचे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. लहान देशाच्या भीतीची टिंगल आम्ही करणार नाही. दांडग्या शेजाऱ्याचे भय काय असते हे गावकुसाबाहेर राहिलेल्यांना सांगावे लागत नाही.

पण शेजारच्या नॉर्वेकडेही पाहा. त्याचीही रशियाशी सुमारे २०० किलोमीटरची सीमा आहे आणि तो करारात राहिला. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने १९९६ मध्ये, तज्ज्ञ लष्करी अधिकाऱ्यांच्या साह्याने, मागच्या अनेक युद्धांतील सुरुंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या लहान सुरुंगांनी लढाईचा निकाल लागला असे त्यात फारसे आढळले नाही. ते शत्रूला थोडा उशीर लावतात, तेही त्या पट्ट्यावर पहारा आणि तोफांचा मारा असेल तर. आणि करार शांततेत पाळायचा व भीती वाटताच सोडायचा, तर तो लिहिलाच कशासाठी? युद्धाचे नियम युद्धासाठीच असतात. म्हणूनच या करारात एक कलम आहे की, मुदत संपताना देश युद्धात असेल तर युद्ध संपेपर्यंत त्याला बाहेर पडता येत नाही. युक्रेनने २०२५ मध्ये करार आपल्यापुरता स्थगित केल्याचे कळवले तेव्हा वाद उठला तो यामुळेच. आज सुरुंगांचा करार सुटला, उद्या दुसरा सुटेल. लिथुआनिया तर क्लस्टर बॉम्बबंदीच्या करारातूनही मार्च २०२५ मध्ये बाहेर पडला आहे.

सुरुंग पेरल्यावर पुढे काय होते हे पाहायचे तर कंबोडियाकडे पाहावे. बुद्धाचा देश. १९७९ पासून तिथे सुमारे ६५ हजार माणसे सुरुंगांनी आणि उरलेल्या स्फोटकांनी मेली किंवा जायबंदी झाली. पोल पॉटच्या राजवटीच्या काळात देशाबाहेर असलेले भन्ते महाघोषानंद यांनी १९९२ पासून धम्मयात्रा काढल्या. भिक्खू, उपासक, बायाबापड्या एका रांगेत, सुरुंगांच्या मुलखातून, पायी. १९९४ च्या यात्रेत गोळीबारात सापडून एक भिक्खू आणि एक भिक्षुणी मरण पावले, तरी यात्रा थांबल्या नाहीत. हे महाघोषानंद आपल्या बिहारमधील नालंदा येथे शिकलेले. सुरुंगबंदीच्या मोहिमेतही ते पुढे होते. धम्म म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे हे आमच्यातल्या काहींना अजून पटवून द्यावे लागते, म्हणून हा उल्लेख.

त्याच कंबोडियाच्या सीमेवर जुलै २०२५ मध्ये थायलंडचे सैनिक सुरुंगाने जखमी झाले. थायलंड म्हणाला, हे सुरुंग नव्याने पेरले आहेत. कंबोडियाने साफ इन्कार केला. दोघेही ओटावा कराराचे सदस्य. २४ जुलैला तोफा सुरू झाल्या, पाच दिवसांत डझनावारी माणसे मेली, लाखोंनी घरे सोडली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरुंग, पुन्हा जखमी, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई. वर्षअखेरीस शस्त्रसंधी झाली. सुरुंग शांतता राखतो म्हणणाऱ्यांनी हा घटनाक्रम एकदा वाचावा.

आता आपल्या घराकडे येऊ. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमच्या नावाने फौज सरहद्दीवर गेली. जम्मू, पंजाब, राजस्थान, गुजरात या सीमाभागात लाखो सुरुंग पेरले गेले. ते काही ओसाड वाळवंटातच नव्हते, कसलेल्या शेतांतही होते. युद्ध झालेच नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये फौज माघारी बोलावण्याचा निर्णय झाला. सुरुंग मग एक एक करून काढावे लागले. पेरताना आणि काढताना आमचेच जवान मेले, पांगळे झाले. एक गोळीही न झाडता झालेली ही हानी. शेतकऱ्यांना भरपाई जाहीर झाली. पण भरपाई कोणाच्या नावाने निघते? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण ३१.९ टक्के आहे, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आणि जमीन त्यांच्याकडे नावापुरती. शेत दोन हंगाम बंद राहिले तर मालकाचे पीक बुडते, मजुराची मजुरी बुडते. पिकाचा पंचनामा होतो, मजुरीचा पंचनामा कोण करतो? आपल्याकडच्या भाषेत, सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याचे नुकसानच झालेले नसते. आणि शेत मोकळे झाले असे जाहीर झाल्यावर त्यात पहिला पाय घालणारा मालक असतो की सालदार, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर सुरुंग आजही आहेत. पावसाने, बर्फाने ते जागा सोडतात, उतारावरून घसरत पायवाटेवर येतात. २५ जुलै २०२५ रोजी पूंछ जिल्ह्यातील कृष्णा घाटी भागात गस्तीवर असताना सुरुंगाच्या स्फोटात एक अग्निवीर ठार झाला. चार वर्षांच्या नोकरीवर आलेला पोरगा, चौघांतल्या तिघांना परत पाठवणारी ही योजना. शत्रूची गोळीही न लागता तो गेला. याच हत्याराची दुसरी जात बस्तरच्या जंगलात आहे. तिथे माओवाद्यांनी पेरलेल्या स्फोटकांवर मोहफुले आणि तेंदूपाने वेचणारे आदिवासी पाय ठेवत आले. क्रांतीच्या नावाने पेरला म्हणून सुरुंग माणूस ओळखू लागत नाही.

भारत सरकारची अधिकृत भूमिका अशी की, सुरुंगमुक्त जगाची कल्पना आम्हाला मान्य आहे, मात्र तेच काम करणारे आणि परवडणारे पर्यायी तंत्र हाती येईपर्यंत थांबावे लागेल. संयुक्त राष्ट्रांत दरवर्षी या कराराच्या बाजूने ठराव येतो, भारत तटस्थ राहतो. पर्यायाची वाट पाहणाऱ्यांनी मधल्या काळात काय केले? नवा सुरुंग बनवला. १६ ऑगस्ट २०२२ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी सैन्याकडे ज्या वस्तू सुपूर्द केल्या त्यात ‘निपुण’ नावाचा माणसांविरुद्धचा भूसुरुंग होता. तो विकसित झाला पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेच्या प्रयत्नाने आणि बनला नागपूरच्या खासगी कारखान्यात. पुणे आणि नागपूर! एकेकाळी सुरुंग सरकारी दारूगोळा कारखान्यात बनत, आता त्यात खासगी भांडवल आले, आणि ज्या धंद्यात नफा असतो तो धंदा बंद करायला पर्याय सहसा सापडत नाही. सुरुंगाचे ‘निपुण’ असे नामकरण करणाऱ्याच्या रसिकतेबद्दल काय बोलावे?

एक जिन्नस मात्र या देशाने जगातल्या सुरुंगबळींना दिला, तो म्हणजे जयपूर फूट. अफगाणिस्तानपासून कंबोडियापर्यंत हजारोंना त्याने पुन्हा उभे केले. रबराचा हा स्वस्त पाय घडवणारे हात रामचंद्र शर्मा या कारागिराचे, त्याला वैद्यकीय बैठक देणारे डॉ. प्रमोद करण सेठी. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. डॉक्टरांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण हाताने काम करणारा मागे आणि पदवीवाला पुढे, ही रांग इथेही चुकली नाही.

आम्ही असे लिहिले की लगेच देशद्रोहाचा शिक्का मारणारे तयार असतात. त्यांच्यासाठी सांगतो. सैन्य नको म्हणणारी आमची परंपरा नाही. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्याच वर्षी महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, आणि आमच्या घराघरांतून आजही मुले भरतीला जातात. त्याच बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना सरकारला हिशेब विचारला होता की, ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी फौजेवर का जातात, आणि परराष्ट्र धोरण चुकल्यामुळे जातात काय? संरक्षण खात्याला प्रश्न विचारणे हा आमचा वारसा आहे, गुन्हा नव्हे.

तेव्हा करारावर सही करा ही मागणी आम्ही करतोच. ती आज मान्य होईल असे दिसत नाही. पण सहीची वाट न पाहता काही प्रश्नांची उत्तरे संसदेच्या पटलावर मागता येतील, आणि आमच्या मतांवर निवडून जाणाऱ्या खासदारांनी ती मागावीत. २००१-०२ मध्ये किती सुरुंग पेरले, किती काढले, किती सापडले नाहीत? किती नागरिक आणि किती जवान त्यात मेले वा पांगळे झाले, जिल्हावार? त्यात भूमिहीन मजूर किती, आणि त्यांना दमडी तरी मिळाली काय? नियंत्रण रेषेवर सरकलेल्या सुरुंगांची पाहणी दर पावसाळ्यानंतर होते काय, आणि पाय गेलेल्या हमालाला, गुराख्याला निवृत्तिवेतन कोणत्या नियमाने मिळते? ‘निपुण’ किती बनले आणि त्यावर किती पैसा गेला? पहिला लेखी प्रश्न पुढच्या अधिवेशनात पडला पाहिजे. कोणत्या खासदाराने तो विचारला आणि कोणी टाळला, याची नोंद आम्ही याच जागी करणार आहोत.