कारखाना बंद, गोदाम सुरू

मोटारगाडीचे उत्पादन थांबले म्हणून तिचे आयुष्य संपत नाही. रस्त्यावर आलेल्या प्रत्येक गाडीला पुढची अनेक वर्षे ब्रेकचे भाग, रबरी नळ्या, दिव्यांच्या काचा, दारांची कुलपे असे सुटे भाग लागत राहतात, आणि ते पुरवणारा कोणी उरला नसेल तर धडधाकट गाडीही एखाद्या किरकोळ वस्तूवाचून जागच्या जागी उभी राहते. मोठे उत्पादक जुन्या मॉडेलचे भाग काही काळ पुरवत असतात, पण मोजक्या गाड्या काढून बुडालेल्या कंपनीमागे ही जबाबदारी घेणारा सहसा कोणी नसतो. या दृष्टीने उत्तर आयर्लंडमध्ये तयार झालेल्या डीलोरियन या स्पोर्ट्स कारचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण गाडीची दुर्मीळता आणि तिच्या सुट्या भागांची दुर्मीळता हे दोन निरनिराळे हिशेब असतात, ही गोष्ट तिच्या बाबतीत स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये वरिष्ठ पदावर काम केलेले जॉन डीलोरियन यांनी १९७५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि बेलफास्टजवळ डनमरी येथे कारखाना उभारला. हिंसाचाराने आणि बेकारीने ग्रासलेल्या त्या भागात रोजगार यावा म्हणून ब्रिटिश सरकारने या उद्योगात कोट्यवधी पौंड घातले. गाडीचे बाह्यरूप जॉर्जेटो जुजारो या इटालियन रचनाकाराने आखले, तर यांत्रिक बांधणीचे काम ब्रिटनच्या लोटस कंपनीकडे होते. जानेवारी १९८१ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. फेब्रुवारी १९८२ मध्ये दिवाळखोरीमुळे नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती कारभार गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उत्पादन थांबले. एवढ्या काळात सुमारे ९,००० गाड्या तयार झाल्या होत्या. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्युचर’ या चित्रपटात कालयंत्र म्हणून झळकल्यावर या गाडीला जगभर ओळख मिळाली, पण तोपर्यंत तिला जन्म देणारी कंपनी नाहीशी झाली होती.

मात्र कंपनी ज्या रीतीने बुडाली, त्यातच पुढच्या पुरवठ्याची सोय झाली. प्रत्यक्ष विक्रीपेक्षा कितीतरी अधिक गाड्या विकल्या जातील या अंदाजाने भाग मागवलेले होते, त्यामुळे उत्पादन थांबले तेव्हा न वापरलेल्या भागांचा प्रचंड साठा शिल्लक राहिला. उरलेल्या गाड्यांसह हा साठा अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कोलंबस शहरातील कन्सॉलिडेटेड या व्यापारी कंपनीने विकत घेतला, आणि १९९७ मध्ये तो टेक्सासमधील ह्यूस्टनजवळच्या हंबल गावी गेला, जिथे स्टीफन विन या मूळच्या लिव्हरपूलच्या मेकॅनिकने डीलोरियन याच नावाची नवी, मूळ कंपनीहून स्वतंत्र कंपनी सुरू केली होती. जी गाडी यशस्वी होऊन वीस वर्षे चालली असती, तिचे जुने भाग कदाचित इतके उरले नसते.

दुसरी सोय गाडीच्या रचनेत होती. जॉन डीलोरियन यांच्या नवख्या कंपनीला स्वतःचे इंजिन घडवणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून तिने प्यूजो, रेनॉ आणि व्होल्वो या तीन कंपन्यांनी मिळून विकसित केलेले, फ्रान्समधील दुव्रँ येथे तयार होणारे २,८४९ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि रेनॉचा गिअरबॉक्स घेतला. याच घराण्याची इंजिने व्होल्वोच्या आणि रेनॉच्या मोठ्या कौटुंबिक गाड्यांत बसत असल्यामुळे पिस्टन, झडपा, गॅसकेट असे बरेच भाग त्या गाड्यांच्या पुरवठादारांकडे मिळू शकतात. इंधनपुरवठ्यासाठी बॉशची के-जेट्रॉनिक ही यंत्रणा आहे. इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या जोराने एक चकती उचलली जाते आणि तिच्या हालचालीनुसार पेट्रोलचा सततचा फवारा कमीजास्त होतो, असे तिचे यांत्रिक तत्त्व असून ती त्या काळच्या अनेक युरोपीय गाड्यांत होती. त्यामुळे तिची दुरुस्ती जाणणारे कारागीर आजही सापडतात. अनभिज्ञ खरेदीदाराला ज्याची सर्वाधिक धास्ती वाटते, ते इंजिन भागांच्या बाबतीत असे तुलनेने सोपे निघते.

खरी अडचण सुरू होते ती साध्या दिसणाऱ्या पत्र्यापाशी. गाडीचे बाहेरचे बहुतेक भाग रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलचे आहेत, आणि क्रोमियम व निकेल मिसळलेले हे पोलाद स्वयंपाकघरातील चांगल्या भांड्यांना वापरतात त्याच जातीचे आहे. ते गंजत नाही, आणि वरवरचा ओरखडा असेल तर पत्र्यावरील बारीक रेषांच्या दिशेने घासणीसारख्या पॅडने घासून तो घालवता येतो. पण सामान्य गाडीचा पोचा ठोकून, लांबी भरून, रंग मारून जसा झाकला जातो तसा येथे झाकता येत नाही, कारण रंगच नाही. शिवाय हे पोलाद ठोकताना अधिकाधिक कडक होत जाते. ताणलेला पत्रा निष्णात कारागिराने मूळ आकारात आणला तर ठीक, नाहीतर तो बदलावाच लागतो. आता हा पत्रा नव्याने दाबून काढायला मूळ साचे हवेत, आणि कारखाना मोडीत निघाल्यावर हे अवजड साचे भंगारात गेले. त्यांतील काही तर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मत्स्यपालनाची जाळी समुद्रात स्थिर ठेवण्यासाठी वजने म्हणून वापरले गेले.

गोदामातला साठा उत्पादनाच्या गरजेनुसार जमला होता, अपघातांच्या प्रमाणानुसार नव्हे, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी लागते. एका गाडीला एक या हिशेबाने मागवलेल्या भागांपैकी काहींना पुढे गिऱ्हाईकच मिळत नाही, तर ठोकर बसणाऱ्या कोपऱ्यांचे भाग भराभर संपतात. पुढचे डावे मडगार्ड हे याचे ठळक उदाहरण असून त्याच गाडीचे अन्य पत्रे मिळत असताना त्याची टंचाई जाणवू लागली.

पंखासारखी वर उघडणारी दारे हा असाच दुसरा नाजूक विषय आहे. दाराचा बराचसा भार छतात बसवलेली पिळाची दांडी पेलते. ही पोलादी दांडी अतिशीत तापमानात पिळून तयार केली जाई, आणि हे तंत्र विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीकडून आले होते. दांडी जिथे कमी पडते तिथे गॅस भरलेला दट्ट्या दार उचलून धरतो. हा दट्ट्या स्वस्त आणि सहज मिळणारा असतो, पण दांडी नीट जुळवण्याऐवजी जास्त जोराचा दट्ट्या बसवला तर त्याचा ताण दारावर आणि छतावर येतो, आणि स्वस्त भागापायी महाग भाग बिघडतो.

बाजारात मिळणाऱ्या भागांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात: मूळ काळात बनलेले पण कधीच न वापरलेले, नमुन्यावरून नव्याने घडवलेले, मोडलेल्या गाड्यांतून काढलेले, आणि जुने घेऊन त्याबदली दिलेले दुरुस्त भाग. पहिला वर्ग नेहमीच श्रेष्ठ, असे संग्राहकांना वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. पत्रा, काच, धातूची पट्टी यांच्याबाबत ते लागू पडते. रबराबाबत नाही, कारण चाळीस वर्षे बंद खोक्यात राहिलेली नळीही आतून कडक होते आणि तडकते. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या म्हणूनच नव्या बनावटीच्याच घ्याव्या लागतात. काही भाग तर मुळातच कच्चे होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची प्लॅस्टिकची टाकी उष्णतेने तडकते, म्हणून तिच्या जागी धातूची टाकी बसवतात; मागच्या चाकांना धरणाऱ्या दांड्या चासीला जोडणारे बोल्ट अधिक मजबूत पोलादाचे घेतात. अशा ठिकाणी मूळ वस्तूचा आग्रह सुरक्षिततेला बाधक ठरतो.

भाग मागवण्यापूर्वी गाडीचा नेमका अवतारही ओळखावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटवर पेट्रोल भरण्यासाठी झाकण होते. पुढे ते गेले आणि दोन खोलगट रेषा राहिल्या, आणि शेवटच्या गाड्यांत बॉनेट सपाट झाले. पुढची चाके १४ इंचांची आणि मागची १५ इंचांची असल्यामुळे टायरही एकाच मापाचे चालत नाहीत. त्यामुळे चासीवरील ओळख क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि सुट्या भागांच्या सचित्र पुस्तिकेतील क्रमांक ही तिन्ही जुळल्याखेरीज पैसे देणे धोक्याचे असते.

या साऱ्याचा निष्कर्ष भाग घेणाऱ्यापेक्षा गाडी घेणाऱ्याच्या अधिक कामाचा आहे. दुर्मीळ गाडी पाहताना इंजिन सुरू होते की नाही, याकडे स्वाभाविकपणे प्रथम लक्ष जाते, पण वरील हिशेबात इंजिन हा भरून निघण्याजोगा खर्च आहे. बिनगंजी पत्र्याच्या खाली मात्र साध्या पोलादाची चासी असते. तिच्यावरचा संरक्षक थर उडाला की ती आतल्या आत गंजत जाते आणि वरचा झळाळता पत्रा ते दिसू देत नाही. म्हणूनच बंद इंजिनाची पण शाबूत पत्र्याची व निरोगी चासीची डीलोरियन, चालू इंजिनाच्या पण डाव्या कोपऱ्यात चेपलेल्या डीलोरियनपेक्षा शेवटी स्वस्त पडण्याचा संभव अधिक असतो.