‘माती’, ‘खांदा’ आणि ‘तेरावा’ : अंत्यविधीच्या खर्चाचा शब्दांवरून विचार

अंत्यविधीचा खर्च कमी करावा, या उपदेशाविषयी सहसा दुमत आढळत नाही. परंतु नेमका कोणता खर्च कमी करावयाचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कामगार-कुटुंबांच्या बोलीत या प्रसंगी जे शब्द येतात, त्यांच्या आधारे या प्रश्नाची फोड करण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतून प्रेतयात्रेस जाण्याला ‘मातीला जाणे’ असे म्हणतात. दहनाची चाल असलेल्या घरांतही हाच शब्द चालतो. म्हणजे येथे ‘माती’ या शब्दाचा अर्थविस्तार झालेला आहे. ‘खांदा देणे’, ‘मूठमाती देणे’, सुतकाच्या घरी सोयऱ्यांनी शिजवून नेलेला ‘कडू घास’, भावकीने मिळून रक्षा ‘सावडणे’, हे याच कुळातील शब्दप्रयोग होत. शेतीतील परस्पर साहाय्याच्या रीतीलाही ‘सावड’ म्हणतात. हे साम्य लक्षवेधक खरे; तथापि केवळ रूपसाम्यावरून एकमूलत्व सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

या शब्दांच्या शेजारी दुसरा गट ठेवून पाहावा : ‘दहावा’, ‘तेरावा’, ‘दिवस घालणे’, ‘गोड जेवण’, ‘वर्षश्राद्ध’. पहिल्या गटात समाजाने शोकाकुल घराला काही द्यावयाचे असते, आणि ते बहुधा श्रमाच्या रूपाने. दुसऱ्या गटात त्या घराने समाजाला द्यावयाचे असते, आणि ते अन्न, वस्त्र व दक्षिणा यांच्या रूपाने.

सुधारकांचा रोख मुख्यतः दुसऱ्या गटावर होता. १८७३ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून व अल्प खर्चात विधी करण्याचा पुरस्कार केला. जोतीराव फुले यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात अशा साध्या विधींचे विवेचन आहे. १९५६ मध्ये निवर्तलेल्या गाडगेबाबांनी ऋण काढून सण व विधी करण्यावर आपल्या कीर्तनांतून आघात केला.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने असा अभिप्राय दिला, की लग्नादी समारंभांवरील खर्च रयतेच्या ऐपतीच्या मानाने जास्त असला, तरी कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. कारण असे प्रसंग विरळा येतात. हा अभिप्राय मननीय आहे. परंतु लग्नाची तिथी ठरविता येते, मृत्यूची येत नाही. आणि अनेकदा कमावता माणूस गेल्यावरच हा खर्च उभा राहतो. म्हणून रक्कम लहान असली तरी तिचा घाव मोठा असतो.

१९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे या भागात कारखानदारी वाढत गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश व परप्रांत येथून लोक आले. भावकी मात्र गावीच राहिली. त्यामुळे पूर्वी श्रमाने भागणारा पहिला गटही आता रोख पैशाचा झाला आहे. खांद्याच्या जागी शववाहिका आली. घरोघरचे लाकूड वखारीतून विकत घ्यावे लागते, आणि उघड्या सरणाला काही क्विंटल लाकूड लागते. देह गावी न्यावयाचा तर शेकडो किलोमीटरांचे भाडे पडते. मुस्लिम, ख्रिस्ती, लिंगायत, महानुभाव अशा दफन करणाऱ्या समाजांपुढे लाकडाऐवजी जागेचा प्रश्न असतो.

यावरून उपायही दोन प्रकारचे हवेत, हे उघड आहे. पहिल्या गटातील खर्च आवश्यक आहे. तो उपदेशाने कमी होणार नाही. भावकीचे काम तेथे सार्वजनिक व्यवस्थेने केले पाहिजे. विद्युतदाहिनी, शववाहिका व दफनभूमी ही त्याची साधने होत. राज्य कामगार विमा योजनेत विमेदार कामगाराच्या अंत्यविधीसाठी साहाय्य मिळते. त्याची कमाल मर्यादा २०१९ मध्ये १०,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली. नोंदणी झालेली असल्यास कंत्राटी कामगारही यास पात्र असतो. घरच्यांना हे वेळीच ठाऊक असणे तेवढे महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या गटातील खर्च कमी करणे एकट्या घराला अवघड जाते. तेराव्याचे जेवण ज्याने प्रथम बंद करावे, त्याच्यावर कंजूषपणाचा, किंबहुना मृताविषयी अनास्थेचा ठपका येतो. सर्वांनी मिळून ठराव केल्यास हा ठपका कोणावरच येत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने पतिनिधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन इतरांना केले. तो ठराव खर्चाविषयी नव्हता. पण मृत्यूनंतरची रूढी सामुदायिक निर्णयाने बदलता येते, हे त्याने दाखविले. कामगार वसाहतीतील मंडळे व गृहरचना संस्था यांना हा मार्ग मोकळा आहे.

सारांश, काटकसरीच्या नावाखाली दोन्ही गट एकत्र करू नयेत. तेराव्याच्या पंगतीला मूठमाती द्यावी. कडू घास मात्र चालू ठेवावा.